वाचकांचे प्रश्न : शाळा पारखायची कशी?

दिवाळी सरली की नागपुरात घरोघरी शाळाप्रवेशाचा विषय सुरू होतो आणि आमच्याकडील पत्रांचा ओघही त्याच दिशेने वळतो. या अंकासाठी तीन पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : स. न. वि. वि. आमची मुलगी येत्या ऑक्टोबरमध्ये सहा वर्षांची होईल आणि जूनमध्ये तिला पहिलीत घालायचे आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो, घरी सासूबाई असतात आणि घरात मराठीच बोलली जाते. आमच्यासमोर दोन शाळा आहेत. एक इंग्रजी माध्यमाची स्वयंअर्थसहाय्यित शाळा, वर्धा रोडच्या पलीकडे, घरापासून सुमारे नऊ किलोमीटरवर. तिची इमारत देखणी आहे, प्रत्येक वर्गात डिजिटल फळा आहे आणि फाटकावर स्पर्धा परीक्षांत चमकलेल्या मुलांच्या छायाचित्रांचा मोठा फ्लेक्स आहे. दुसरी अनुदानित मराठी शाळा, तिथे पहिलीपासून सेमी इंग्रजी आहे आणि ती पायी बारा मिनिटांवर आहे. इमारत जुनी, मैदान लहान, पण तिथल्या बाई जीव लावून शिकवतात असे शेजारी सांगतात. दोन्ही शाळा मी एकेकदा पाहून आले, तरी नेमके काय पाहायचे हेच मला कळले नाही. आमच्यासारख्या सामान्य पालकांनी शाळेची पारख कशी करावी?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. शाळा चांगली आहे का, हा एक आणि ती आपल्या मुलीला मानवेल का, हा दुसरा. उत्तम चाललेली शाळाही एखाद्या मुलाला मानवत नाही, कारण ती घरापासून फार दूर असते, तिथली भाषा त्याच्या कानावरून कधी गेलेली नसते किंवा तिथला वेग त्याला झेपत नाही. म्हणून हे दोन प्रश्न वेगवेगळे हाताळावेत.

कागदपत्रांचे काम एका दिवसात होते, ते आधी उरकून घ्या. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्यानुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळखक्रमांक, असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. दोन्ही शाळांकडून तो मागून घ्या. याच कायद्याने पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरवून दिले आहे. मात्र संपूर्ण शाळेची सरासरी ऐकून समाधान मानू नका. आपली मुलगी ज्या तुकडीत बसेल त्या तुकडीत किती मुले असतील, हे विचारा. शिक्षिकांची डी.एल.एड. पदविका आणि शिक्षक पात्रता परीक्षा झाली आहे का, हेही विचारायला संकोच करू नका. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, मागील तीन वर्षांत पहिलीच्या वर्गावर किती शिक्षिका बदलल्या? तुटपुंज्या पगारावर नेमलेल्या शिक्षिका वर्षाच्या मध्येच सोडून जातात, नव्या बाई येतात आणि ज्या मुलाने नुकता कुठे पहिल्या बाईंवर विश्वास टाकलेला असतो ते पुन्हा गप्प होते. सहा वर्षांच्या मुलासाठी बाई हीच शाळा असते.

प्रवेश देताना मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करण्यास याच कायद्याच्या कलम १३ ने मनाई आहे. तरीही एखादी शाळा पाच-सहा वर्षांच्या मुलाला खुर्चीवर बसवून रंगांची आणि प्राण्यांची नावे विचारत असेल, तर तिला शिकवण्यापेक्षा निवडण्यात अधिक रस आहे असे समजावे. फीबद्दल एवढेच की गणवेश, पुस्तके, स्नेहसंमेलन, सहल, व्हॅन असे सर्व मिळून वर्षाचा आकडा लेखी मागा आणि पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती अस्तित्वात आहे का, हे पाहा. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यात फी ठरवण्याच्या कामी या समितीला स्थान आहे.

आता फ्लेक्सविषयी. त्या फ्लेक्सवर बारा मुलांची छायाचित्रे असतील तर परीक्षेला किती मुले बसली होती आणि त्या इयत्तेत एकूण किती मुले आहेत, हे दोन आकडे शाळेकडे मागा. तीनशेपैकी बारा आणि चाळीसपैकी बारा यांत पुष्कळ अंतर आहे. शिवाय ज्या घरांत शिकलेले आईवडील, पुस्तके आणि शिकवणी तिन्ही आहेत, त्या घरांतली मुले कोणत्याही शाळेत बऱ्यापैकी गुण मिळवतात. त्या गुणांचे श्रेय शाळेचे किती आणि घराचे किती, हे फ्लेक्सवरून कळत नाही. बत्तीस वर्षे प्राथमिक वर्गांवर काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, शाळेचा कस वर्गातल्या हुशार मुलावरून कधीच लागत नाही. ज्या मुलाला अजून येत नाही त्याच्याशी शाळा कशी वागते, त्याच्यावर कुणी काही मेहनत घेते का, तो वर्षाच्या शेवटी कुठे पोहोचतो, यावरून शाळा कळते. मुलगी हुशार निघाली तरी एखाद्या विषयात, एखाद्या महिन्यात, गोवर-कांजिण्यांच्या आजारपणानंतर तीही त्या जागी येणारच आहे.

हे पाहायचे कसे? शाळा ज्या दिवशी पालकांना मुद्दाम बोलावते तो दिवस टाळा आणि एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन जा. वर्गात पंधरा मिनिटे मागे बसू दिले तर उत्तमच. नाही दिले तर दुसरीच्या किंवा तिसरीच्या वर्गातील गणिताच्या तीन वह्या पाहू द्या, अशी विनंती करा. एक वही बाईंनी निवडलेली चालेल, दोन मात्र आपण मागच्या बाकांवरून उचला.

मी अशा वह्या आयुष्यभर पाहिल्या आहेत, म्हणून एक उदाहरण सांगते. दुसरीतल्या एका मुलाच्या वहीत ४२ वजा १७ हे उदाहरण होते आणि त्याने उत्तर लिहिले होते ३५. त्याच्या पुढच्या उदाहरणात ६१ वजा ३४ चे उत्तर ३३ होते. मुलाने निष्काळजीपणा केलेला नव्हता. मोठ्यातून लहान वजा करायचे, एवढा नियम त्याने मनाशी पक्का धरला होता, म्हणून दोनातून सात जात नाहीत म्हटल्यावर त्याने सातातून दोन काढले. वरच्या ओळीतला दशक सोडवून एकक करायचा असतो, हे त्याला उमगलेच नव्हते. एका शाळेत अशा वहीवर लाल शाईच्या दोन फुल्या आणि तळाशी ‘लक्ष दे’ असा शेरा मी पाहिला. दुसऱ्या शाळेत, जिच्या छपरावर पत्रे होते आणि वर्गात एकच पंखा होता, तिथल्या बाईंनी तशाच चुकीखाली दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या काढून एक गठ्ठा सोडवून दाखवला होता, त्याखाली त्याच प्रकारची दोन उदाहरणे नव्याने दिली होती आणि तीन दिवसांनंतरच्या तारखेला पुन्हा एक. शेवटचे उत्तर बरोबर होते. चूक कुठून आली हे शोधणारे कुणी शाळेत आहे की नाही, एवढे एक पान पाहून कळते. डिजिटल फळ्यावरून ते कळत नाही.

वाचनाचीही अशीच परीक्षा घेता येते. देशाच्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२१ साली ठेवलेले उद्दिष्ट असे आहे की, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे. शाळा सुटताना फाटकाशी उभ्या असलेल्या तिसरी-चौथीतल्या दोन-तीन मुलांना, त्यांच्या आईवडिलांची परवानगी घेऊन, त्यांनी न पाहिलेल्या गोष्टीच्या पुस्तकातील आठ-दहा ओळी वाचायला द्या आणि नंतर ‘मग काय झालं?’ एवढेच विचारा. पाठ्यपुस्तकातील धडा वाचायला देऊ नका, तो पाठ असतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतील मुलाला इंग्रजी गोष्ट द्या. अस्खलित वाचून ‘काय झालं’ ते सांगता आले नाही, तर ते मूल अक्षरांचे आवाज काढते आहे, वाचत नाही.

यावरून आपण दुसऱ्या प्रश्नापाशी, म्हणजे आपल्या मुलीपाशी येतो. शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ शिक्षण शक्य तोवर मातृभाषेतून असावे असे सांगते आणि २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण किमान पाचवीपर्यंत, शक्य असल्यास आठवीपर्यंत, घरच्या भाषेतून शिकवण्याचा आग्रह धरते. यामागील कारण अगदी घरगुती आहे. मूल पहिलीत येते तेव्हा त्याच्याजवळ घरच्या भाषेतले हजारो शब्द असतात. अक्षरे जुळवून ‘विहीर’ असा शब्द त्याने उच्चारला की आजोळची विहीर त्याच्या डोळ्यांपुढे येते आणि आपण बरोबर वाचले हे त्याचे त्यालाच कळते. अनोळखी भाषेत शब्द उच्चारूनही काहीच डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून ते बाईंच्या चेहऱ्याकडे पाहते. आपल्या घरी दिवसभर आजी आहेत, त्या मुलीला गोष्टी सांगत असतील, कविता म्हणून घेत असतील. मराठी शाळेत आजींचे हे सारे धन पहिल्या दिवसापासून कामी येईल. इंग्रजी महत्त्वाचे आहे, ते चांगलेच आले पाहिजे, आणि सेमी इंग्रजीत गणिताच्या संज्ञा पहिलीपासून इंग्रजीतून येतात; तिथल्या बाईंना इंग्रजी बोलता येते का, एवढे मात्र जरूर तपासा, कारण काही शाळांत सेमी इंग्रजी फक्त पुस्तकाच्या मुखपृष्ठावर असते.

राहिले अंतर. नऊ किलोमीटर म्हणजे व्हॅनने वीस मिनिटे, असे शाळा सांगेल. पण व्हॅन मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा असे फिरत मुले गोळा करते आणि आपल्या मुलीचा एका बाजूचा प्रवास सहज एक तासाचा होतो. रोज दोन तास धरले तर दोनशे दिवसांचे चारशे तास होतात. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षभरात किमान आठशे तास अध्यापन सांगितले आहे. म्हणजे शिकण्याच्या वेळेच्या निम्मा वेळ मुलगी व्हॅनमध्ये बसून काढणार. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीच्या सुमारास सुरू होतात हे खरे, तरी मार्च-एप्रिलमधली दुपार नागपूरकरांना सांगायला नको. त्या उन्हात दाटीवाटीने भरलेली व्हॅन दीडच्या सुमारास वर्धा रोडवरून परतताना एकदा स्वतः पाहा. शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो मुलांच्या झोपेचा विचार करूनच. व्हॅन साडेसातला दारात येणार असेल तर त्या निर्णयाचा लाभ आपल्या मुलीला मिळणार नाही.

आणखी दोन गोष्टी दोन्हीकडे पाहून या. एक, मुलींचे स्वच्छतागृह, मधल्या सुट्टीनंतर. त्यात पाणी आहे का, कडी लागते का. मुली दिवसभर पाणी पिणे टाळतात त्याचे कारण बहुधा इथेच सापडते. दुसरी, दप्तर. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार पहिली-दुसरीच्या मुलाचे दप्तर साधारण १.६ ते २.२ किलोचे असावे आणि दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये. पहिलीतल्या मुलाचे दप्तर हातात उचलून पाहिले की शाळा हे पाळते का, ते लगेच कळेल.

मी दोन्ही शाळा पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे निर्णय आपलाच. मात्र आपण लिहिलेल्या गोष्टी खऱ्या असतील आणि जवळच्या शाळेतील मागच्या बाकावरच्या वह्या बोलक्या निघाल्या, तर माझा कल स्पष्टपणे पायी बारा मिनिटांवरच्या शाळेकडे आहे. त्या वह्यांत नुसत्या फुल्या असल्या, तर मात्र ‘जीव लावून शिकवतात’ या शेजाऱ्यांच्या शब्दावर विसंबू नका. तिसरी शाळा शोधा.

प्रश्न : हिंगणा तालुक्यातील आमच्या गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. पट ३४, शिक्षक दोन. शाळासिद्धीच्या मूल्यमापनात शाळेचा अहवाल चांगला आहे, रंगरंगोटी झाली आहे, तरी गावातील निम्मी मुले व्हॅनने कॉन्व्हेंटला जातात. मी यंदा शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य झालो. बैठकीत आम्ही कागदांवर सह्या करतो आणि चहा घेऊन परततो. शाळा खरोखर कशी चालली आहे, हे आम्ही कसे मोजावे?
– एक शेतकरी पालक

उत्तर : आपण हा प्रश्न विचारलात याचाच मला फार आनंद झाला, कारण शिक्षणहक्क कायद्याने आपल्याला सहीपेक्षा पुष्कळ अधिक दिले आहे. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कलम २१ सांगते. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, अनुदानाचा विनियोग पाहणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे ही समितीची कामे आहेत.

शाळासिद्धीच्या अहवालाला कमी लेखू नका, पण तो काय आहे हे समजून घ्या. त्यात सात क्षेत्रे आहेत आणि प्रत्येक मानकासाठी शाळा आधी स्वतःच आपला स्तर ठरवते. संसाधने हे त्यातले एक क्षेत्र, मुलांची प्रगती व संपादणूक हे दुसरे. भिंत रंगवली की संसाधनांच्या क्षेत्रात शाळा लगेच वर जाते. मुलांच्या प्रगतीच्या क्षेत्रात वर जायला वर्षे लागतात. अहवालाची प्रत मागून या प्रगतीच्या क्षेत्राचे पान तेवढे समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचा आणि शिक्षकांना विचारा की, हा स्तर कोणत्या मुलांच्या कोणत्या कामावरून ठरवला.

बाहेरची तपासणी असली तरी सावध राहावे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी ज्या शाळेत होते तिथे तपासणीच्या आदल्या दिवशी आम्हा शिक्षिकांना सांगण्यात आले की, कच्च्या मुलांना उद्या येऊ नका म्हणावे. माझ्या वर्गातील चार मुलांना मी तसे सांगितले. साहेबांनी वर्ग पाहून शाबासकी दिली. त्या चौघांपैकी एक मुलगी दिवसभर शाळेच्या कुंपणाबाहेर, बोरीच्या झाडाखाली दप्तर मांडीवर घेऊन बसून होती, कारण घरी आई कामाला गेली होती आणि दाराला कुलूप होते. त्या शाबासकीची मला आजही लाज वाटते. तपासणीच्या दिवशीची हजेरी आणि त्या आठवड्यातील इतर दिवसांची हजेरी शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा अधिकार आपल्या समितीला आहे. तो वापरा.

आता मोजण्याबद्दल. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हे कायद्यात बसते, तेव्हा शिक्षक कमी आहेत अशी तक्रार चालणार नाही. पण दोन शिक्षकांवर चार इयत्ता आहेत, आणि एक जण प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा ऑनलाइन माहिती भरायला गेला की दुसऱ्याकडे चारही वर्ग येतात. तो दिवस तीन इयत्तांसाठी फळ्यावरचे उतरवून घेण्याचा ठरतो. एका साध्या दिनदर्शिकेवर, दोन्ही शिक्षक दिवसभर वर्गात होते त्या तारखांना खूण करा. तीन महिन्यांनी खुणा मोजा. जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण सोडून अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे कलम २७ म्हणते. खुणा कमी भरल्या तर ती दिनदर्शिका घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. यात शिक्षकांना दोष देण्याचा हेतू ठेवू नका. बहुतेक वेळा त्यांचीच सुटका त्यातून होते आणि ते आपले आभार मानतील.

दुसरे, हजेरी महिन्यागणिक पाहा. वर्षाची सरासरी ८५ टक्के असली तरी कापूस वेचणीच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीनंतरच्या दोन-तीन महिन्यांत, कोणती मुले सलग गैरहजर असतात ती नावे काढा. ती मुले साधारण त्याच सुमारास वाचनात मागे पडतात, कारण जोडाक्षरे आणि हातच्याची उदाहरणे नेमकी तेव्हाच येतात. त्यांच्या आईवडिलांशी समितीच्या सदस्यांनी बोलायचे की बाईंनी, हे ठरवा. माझ्या अनुभवात शेजारच्या शेतकऱ्याचे बोलणे अधिक ऐकले जाते.

तिसरे आणि सर्वांत मोलाचे. वर्षातून दोनदा, एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि एकदा मार्चमध्ये, प्रत्येक मुलाचे वाचन शिक्षकांसोबत बसून ऐका. ग्रामीण मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या देशव्यापी पाहण्यांमध्ये जी पद्धत वर्षानुवर्षे वापरली जाते तीच साधी आहे : अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. प्रत्येक मूल यांपैकी कुठवर पोहोचते, एवढी एकच नोंद करायची. गणितात अंकओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. ३४ मुलांचे काम दोन दिवसांत होईल. नावांची यादी गावात लावू नका, कोणत्याही मुलाला इतरांसमोर उभे करून वाचायला लावू नका. फक्त ‘नोव्हेंबरमध्ये इतकी मुले गोष्ट वाचत होती, मार्चमध्ये इतकी’ हे दोन आकडे ग्रामसभेत सांगा. कॉन्व्हेंटला जाणाऱ्या मुलांचे पालकही ते ऐकायला थांबतील. त्यांनी व्हॅनला पैसे मोजले ते आपल्या शाळेबद्दल त्यांना काहीच कळत नव्हते म्हणून. ते चूक ठरले की बरोबर, हे त्यांनाही तेव्हाच कळेल.

आकडे वाईट निघाले तर घाबरू नका आणि लपवूही नका. विकास आराखड्यात पहिली ओळ त्याचीच लिहा : अमुक इतकी मुले मार्चपर्यंत उतारा वाचतील, त्यासाठी रोज सकाळी अर्धा तास चारही इयत्तांची मुले वर्गानुसार न बसवता वाचनाच्या पातळीनुसार बसवली जातील. दोन शिक्षकांच्या शाळेला हे जमते, मोठ्या शाळेपेक्षा सोपेही जाते. गावातील बारावी झालेली एखादी मुलगी त्या अर्ध्या तासासाठी मदतीला आली तर आणखी चांगले.

प्रश्न : माझा नातू मराठी माध्यमाच्या एका शाळेत तिसरीत आहे. प्रगतिपुस्तकात सर्व विषयांत अ-२ श्रेणी आहे, पण वर्तमानपत्रातील मथळा तो धड वाचू शकत नाही. शाळा आमची फसवणूक करते आहे का? शाळा बदलावी का?
– एक आजोबा, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : फसवणूक हा शब्द एवढ्यात वापरू नये, तरी आपली शंका रास्त आहे. अ-२ म्हणजे ८१ ते ९० टक्के गुण. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या २०१० पासूनच्या पद्धतीत तिसरी-चौथीला आकारिक मूल्यमापनाचा भार ६० आणि संकलित, म्हणजे लेखी व तोंडी परीक्षेचा, ४० असतो. आकारिक भागात निरीक्षण, तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, छोट्या चाचण्या हे सर्व येते. कल्पना उत्तम आहे, कारण एका परीक्षेच्या तीन तासांवर मुलाचे नशीब ठरत नाही. पण घरी आईने चिकटवून दिलेला थर्माकोलचा प्रकल्प आणि फळ्यावरून उतरवलेला स्वाध्याय यांचेही गुण त्यातच मिळतात, आणि मग न वाचता येणारे मूलही अ-२ पर्यंत पोहोचते. बाई वाईट हेतूने हे करतात असे नाही. चाळीस मुलांच्या नोंदी महिनाअखेरीस एका बैठकीत भरल्या की असे होते.

श्रेणी बाजूला ठेवून आपण वर्गशिक्षिकेकडे त्याची मूल्यमापन नोंदवही पाहायला मागा. तिच्यात गुणांबरोबर प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी असतात. नातवाच्या वाचनाविषयी ‘स्पष्ट उच्चारांसह वाचन करतो’ असे ठोकळेबाज वाक्य असेल आणि तेच वाक्य आणखी दहा मुलांपुढे असेल, तर कुणी त्याचे वाचन ऐकलेले नाही. उलट ‘जोडाक्षरांशी अडखळतो, अर्थ सांगतो’ अशी नोंद असेल तर बाईंना तो ठाऊक आहे आणि त्या शाळेत त्याला राहू द्यावे.

त्याआधी त्याचे डोळे मात्र तपासून घ्या. बसायची जागा फळ्यापासून लांब आणि चष्म्याचा नंबर कुणाला माहीत नाही, अशी मुले मी प्रत्येक वर्गात पाहिली. वर्तमानपत्राचा मथळाही त्याच्यासाठी योग्य कसोटी नाही, मोठ्यांची भाषा आणि राजकारणातील नावे त्यात असतात. घरात रोज रात्री पंधरा मिनिटे आपण एक ओळ वाचा, त्याने पुढची वाचावी. अडला तर शब्द सांगून टाका, परीक्षा घेऊ नका.

शाळा वर्षाच्या मध्ये बदलू नये असे माझे मत आहे. नोंदवही पाहिल्यानंतर बाईंनी काय करायचे ठरवले, हे सहा आठवड्यांनी विचारा. काहीच ठरलेले नसेल, किंवा ‘तुमचा मुलगाच कच्चा आहे, शिकवणी लावा’ एवढेच उत्तर मिळाले, तर एप्रिलनंतर दाखला काढायला हरकत नाही. दाखला देण्यास शाळेने उशीर केला तरी त्या कारणावरून अनुदानित किंवा सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाईंना थोडा निवांत वेळ असतो. येत्या शनिवारी जा, नातवाला सोबत घ्या आणि तो सध्या ज्या पानापाशी अडतो ते गोष्टीचे पुस्तकही न्या, म्हणजे बाईंना त्याचे वाचन तिथेच ऐकता येईल.